रिपोर्टमधला फेम्टोलिटर आणि असे इवले इवले शब्द

आभाळवेडी

काल बहिणीचा सीबीसीचा, म्हणजे रक्तपेशींच्या तपासणीचा, रिपोर्ट आला. हिमोग्लोबिन ९.४, ते लगेच कळलं. पण त्याखाली एमसीव्ही ७२.६ एफएल आणि एमसीएच २१.९ पीजी असं होतं आणि दोन्हीपुढे ठळक अक्षरात 'लो'. एफएल म्हणजे काय म्हणून शोधलं तर निघालं फेम्टोलिटर. आईचे, सासऱ्यांचे, स्वतःचे असे किती रिपोर्ट मी आजवर हातात धरलेत पण हा शब्द कधी वाचलाच नव्हता, नजर थेट ठळक आकड्यावर जायची आणि मग डॉक्टर काय म्हणतात तेवढं ऐकायचं, संपलं.

मग रात्री कागद घेऊन बसले. मिली, मायक्रो, नॅनो, पिको, फेम्टो. दर पायरीला हजाराने भागायचं. म्हणजे एका लिटरचे एकावर पंधरा शून्यं इतके भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे फेम्टोलिटर. एवढं लहान काहीतरी माझ्या बहिणीच्या रक्तात कुणीतरी मोजलं आणि ते कमी भरलं, हे लक्षात आल्यावर बराच वेळ झोप आली नाही.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. एक, हे मोजतात कसं? आणि दुसरं, विज्ञानात आणि औषधपाण्यात अगदी लहान गोष्टींसाठी जे शब्द आहेत ते इथे जमवूया का, त्यामागच्या अर्थासकट? आपण सगळ्यालाच 'सूक्ष्म' म्हणून मोकळे होतो पण एका सूक्ष्मात आणि दुसऱ्या सूक्ष्मात हजारपटीचा फरक असतो हे मला काल पहिल्यांदा नीट कळलं.

लालपेशी

मी लॅबमध्येच काम करते, १९ वर्षं झाली, त्यामुळे पहिल्या प्रश्नाचं उत्तर देते.

मशीनमध्ये एक अगदी बारीक छिद्र असतं आणि त्यातून विजेचा प्रवाह चालू असतो. पातळ केलेलं रक्त त्या छिद्रातून जातं आणि पेशी एकेक करून पुढे सरकतात. पेशी छिद्रात आली की तेवढ्यापुरता प्रवाहाला अडथळा होतो, पेशी जेवढी मोठी तेवढा अडथळा मोठा. तो अडथळा मोजला की पेशीचं आकारमान कळतं. वॉलेस कूल्टर नावाच्या माणसाची ही युक्ती, १९५३ साली पेटंट मिळालं तिला, आणि आजही कितीतरी मशीनं त्याच तत्त्वावर चालतात. अशा हजारो पेशी मोजून सरासरी काढली की ती एमसीव्ही.

आता फेम्टोलिटर डोळ्यासमोर आणायची सोपी वाट सांगते. एक मायक्रोमीटर लांब, एक रुंद, एक उंच असा खोका घ्या. त्यात मावतं ते बरोब्बर एक फेम्टोलिटर. तांबडी पेशी साधारण ७ ते ८ मायक्रोमीटर रुंद, मध्ये दबलेली चकती असते आणि तिच्यात असे ८० ते १०० खोके मावतात. तुमच्या बहिणीच्या पेशीत ७२ च मावतायत.

पीजी म्हणजे पिकोग्रॅम, आणि एमसीएच म्हणजे एका पेशीत सरासरी हिमोग्लोबिन किती ते. सर्वसाधारण २७ ते ३३. तीस पिकोग्रॅम ऐकायला काहीच नाही पण त्यात हिमोग्लोबिनचे जवळपास २८ कोटी रेणू असतात. एका पेशीत!

आणि मशीनवर सगळं सोडून देत नाही आम्ही. आकडे असे आले की काचेवर थेंब ओढून, रंगवून, सूक्ष्मदर्शकाखाली बघते. लहान की मोठी हे ठरवायला तिथे पट्टी नसते. शेजारी एखादी छोटी लिम्फोसाइट (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) शोधायची, तिचं केंद्रक आणि तांबडी पेशी एकाच मापाची दिसायला हवी. लोह कमी असेल तर तांबडी पेशी त्या केंद्रकापुढे लहान दिसते आणि मधला फिकट भाग, जो एरवी पेशीच्या एक तृतीयांश असतो, तो पसरत जातो, कधी कधी तर नुसती कडाच तांबडी उरते. अशी स्लाइड दिसली की ही व्यक्ती किती दिवस दमून काम करत असेल हा विचार मनात येतोच.

एक मात्र सांगते, पेशी लहान म्हणजे लोहच कमी असं नाही, थॅलॅसेमिया मायनर या आनुवंशिक दोषातही त्या लहान असतात. त्यामुळे डॉक्टरांनी फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी तपासणी) वगैरे सांगितलं तर करून घ्या, आपल्या मनाने लोहाच्या गोळ्या सुरू करू नका.

आभाळवेडी

लालपेशी ताई, खूप खूप आभार. खोक्यांचं बहिणीला वाचून दाखवलं. फेरिटिन उद्या करतोय.

भाषावेल

धागा फार आवडला, दुसऱ्या प्रश्नावर माझं थोडं.

मराठीत लहानपणा दाखवायला दोन शेपट्या आहेत, '-इका' आणि '-अणू'. शाळेच्या पुस्तकातले शब्द आठवून बघा. केशिका, धमनिका, रिक्तिका, तंतुकणिका, रक्तपट्टिका. लॅटिनमध्येही हेच चालतं, तिथे शेपट्या वेगळ्या एवढंच. मॉलिक्यूल म्हणजे छोटा ढीग, कॅप्सूल म्हणजे छोटी पेटी, व्हेंट्रिकल म्हणजे छोटं पोट, आणि मसल म्हणजे चक्क छोटा उंदीर, कारण दंडाची बेटकुळी कातडीखाली उंदरासारखी हलते. आपण तिला बेटकुळी म्हणतो, म्हणजे बेडकी. प्राणी बदलला पण बघणारी नजर तीच.

मायटोकॉन्ड्रिया हा शब्द १८९८ मध्ये कार्ल बेंडाने केला, ग्रीकमध्ये मिटोस म्हणजे तंतू आणि कोंड्रिऑन म्हणजे कण. आपलं 'तंतुकणिका' म्हणजे त्याच दोन दगडांवर उभं केलेलं घर. पाठ करताना हा शब्द मुलांना जड वाटतो पण फोड करून सांगितली की पुन्हा विसरत नाहीत.

पण माझा सगळ्यात लाडका शब्द यातला एकही नाही. डोळ्यातली बाहुली. इंग्रजीत प्युपिल म्हणतात ते लॅटिन 'प्युपिला'वरून आलं, आणि प्युपिला म्हणजे छोटी बाहुली, छोटी मुलगी. समोरच्याच्या डोळ्यात जवळून बघितलं की त्या काळ्या वर्तुळात आपलीच इवलीशी आकृती दिसते, तीच बाहुली. ग्रीकमध्ये याच जागेला 'कोरे' म्हणजे मुलगी, संस्कृतात 'कनीनिका', तोही मुलीवरूनच. कुठल्या कुठल्या भाषेतल्या लोकांनी एकमेकांच्या डोळ्यात पाहिलं आणि सगळ्यांना तीच बाहुली दिसली, मला हे वाचलं तेव्हा अंगावर काटा आला होता.

वहीतलं_पान

बाहुली वाचून आत्ता लेकीच्या डोळ्यात बघून आले. खरंच दिसते!!

जुनी_शाळा

मी विज्ञान शिकवायचो. भाषावेल यांच्या '-अणू'वर थोडं लिहितो कारण इथे मुलांचा हमखास गोंधळ व्हायचा.

मराठीत अणू म्हणजे ॲटम आणि रेणू म्हणजे मॉलिक्यूल. हिंदीत मात्र अणु म्हणजे मॉलिक्यूल आणि ॲटमला परमाणु. त्यामुळे जी मुलं हिंदी व्हिडिओ बघून अभ्यास करतात ती पेपरात सर्रास उलटं लिहितात आणि मार्क जातात, त्यांना कुणीतरी आधीच सांगायला हवं.

दुसरं म्हणजे जिवाणू, विषाणू, शुक्राणू. यातला 'अणू' म्हणजे ॲटम नव्हे, तो जुना अर्थ, नुसतं 'अतिशय लहान'. हे स्पष्ट केलं नाही तर मुलांना वाटतं विषाणू म्हणजे विषाचा एक ॲटम. एका विषाणूत लाखो अणू असतात, कोट्यवधीही असू शकतात!

आणि रेणू हा मुळात धुळीचा कण, फुलातला पराग. जुन्या ग्रंथांत 'त्रसरेणू' असा शब्द येतो. जाळीतून ऊन आत आलं की त्या तिरिपीत जे कण तरंगताना दिसतात तो त्रसरेणू, डोळ्याला दिसणाऱ्या मापांपैकी सगळ्यात लहान. वैशेषिकांनी, म्हणजे त्या नावाच्या प्राचीन भारतीय दर्शनाच्या विचारवंतांनी, त्याच्याही आत जाऊन दोन परमाणूंचं द्व्यणुक आणि तीन द्व्यणुकांचं त्र्यणुक अशी मांडणी केली. त्यांनी मोजलं नव्हतं, तर्काने गेले, त्यामुळे आजच्या ॲटमशी जोडायची घाई मी करणार नाही, पण दिसणं जिथे संपतं तिथेही काहीतरी आहे असं मानून त्याला नाव द्यायचं, ही मोठीच गोष्ट.

वर्गात मी एक करायचो ते सांगतो. सगळं एक लाख पटीने मोठं करायचं. मग कोरोनासारखा विषाणू, जो साधारण १०० नॅनोमीटर, तो होतो १ सेंटीमीटरची गोटी. दोन मायक्रोमीटर लांबीचा ई. कोलाय जिवाणू होतो २० सेंटीमीटर, म्हणजे वीतभर. तांबडी पेशी पाऊण मीटरची चकती. डोक्यावरचा केस ७ मीटर जाडीचा खांब. आणि पट्टीवरचा एक मिलीमीटर होतो १०० मीटर. मी मैदानावर चुन्याने आखून दाखवायचो, गोटी एका टोकाला ठेवायची आणि मुलांना शंभर मीटर चालत जायला लावायचो. मग विचारायचो, आता त्या गोटीशेजारी डीएनएचा धागा ठेवायचा तर केवढा? तो २ नॅनोमीटर जाड, म्हणजे इथे ०.२ मिलीमीटर. आणि ॲटम? मिलीमीटरचा शंभरावा भाग. एवढं सगळं मोठं करूनही ॲटम डोळ्याला दिसत नाहीच, आणि तिथे मुलं एकदम गप्प व्हायची.

गाळणी

सर, भारी. विषाणू हा शब्द सोपा वाटतो पण त्या नावापर्यंत यायला किती वर्षं लागली ते बघा. व्हायरस हा लॅटिन शब्द, अर्थ विष. पाश्चरच्या सोबत काम करणाऱ्या शाम्बरलाँने १८८४ मध्ये चिनीमातीचा फिल्टर केला ज्यातून जिवाणू जाऊ शकत नव्हते. १८९२ मध्ये इव्हानोव्स्कीने तंबाखूच्या रोगट पानांचा रस त्यातून गाळला तरी तो रस रोग पसरवतच राहिला. १८९८ मध्ये बायरिंकने तेच पाहिलं आणि त्याला 'जिवंत संसर्गजन्य द्रव' म्हटलं, त्याला वाटलं हा कणच नाही, द्रव आहे! प्रत्यक्ष डोळ्यांनी बघायला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागला, त्याची सुरुवात १९३१ मध्ये नॉल आणि रुस्का यांनी केली. साध्या सूक्ष्मदर्शकाची हद्द साधारण २०० नॅनोमीटरवर संपते कारण प्रकाशाच्या लहरींची लांबीच तेवढी मोठी आहे, त्याहून बारीक दोन गोष्टी वेगळ्या दिसतच नाहीत. भिंग कितीही चांगलं घासा.

म्हणजे चाळीस एक वर्षं लोकांनी एक गोष्ट फक्त गाळणीतून निसटते म्हणून ओळखली.

सकाळ_झाली

गाळणीवरून आठवलं, एन९५ मास्क ०.३ मायक्रॉनचे (म्हणजे मायक्रोमीटरचे) कण अडवतो म्हणतात आणि विषाणू तर ०.१ चा. मग तो निसटणारच ना? हा मेसेज मला आजही येतो.

गाळणी

नाही, आणि हा मेसेज थांबायलाच हवा कारण त्यामुळे लोकांनी मास्क काढून ठेवले. मास्क म्हणजे चाळणी नव्हे. मोठे कण सरळ जाऊन तंतूंवर आपटतात. अगदी बारीक कण हवेच्या रेणूंचे धक्के खात वेडेवाकडे भटकतात, त्यामुळे तेही कुठल्या ना कुठल्या तंतूला जाऊन चिकटतात. पकडायला सगळ्यात अवघड असतो तो मधला आकार, ०.३ किंवा त्याहून थोडा लहान, म्हणून चाचणी त्याच्या आसपास घेतात. तिथे ९५ टक्के पकडले तर त्याहून लहान आणि मोठे दोन्ही आणखी जास्त पकडले जातात. शिवाय तंतूंवर विद्युतभार असतो, तो ओढून घेतो. आणि विषाणू बहुतेक वेळा एकटा फिरत नाही, थुंकीच्या बारीक थेंबात बसून फिरतो.

थेंबथेंब

मला 'मायक्रो' या एका शब्दाबद्दल लिहायचंय, वडिलांच्या बाबतीत घडलेलं.

वडिलांना डायबेटिस. लघवीच्या तपासणीत 'मायक्रोअल्ब्युमिन' वाढलेलं आलं. आम्ही सगळे म्हणालो मायक्रो आहे ना, मग काही नाही, बारीकसारीक असेल, आणि तो कागद फाइलमध्ये गेला. आठ महिने. पुढच्या वेळी डॉक्टरांनी नीट समजावलं. अल्ब्युमिन लहानमोठं नसतंच, ते नेहमीचंच प्रथिन. लहान आहे ते त्याचं प्रमाण, म्हणजे लघवीतल्या एक ग्रॅम क्रिएटिनिनमागे (हा लघवीतून जाणारा एक टाकाऊ पदार्थ) ३० ते ३०० मिलीग्रॅम, साध्या पट्टीच्या तपासणीत जे सापडायचं नाही एवढं. आणि ते सापडणं म्हणजे किडनीची गाळणी झिजायला लागल्याची लवकरची खूण. आठ महिने आम्ही त्या 'मायक्रो'वर विसंबून गमावले, त्याची बोचणी आहे. आता गोळी चालू आहे आणि प्रमाण खाली आलंय.

नंतर कळलं की मूत्रपिंडाचे तज्ज्ञही आता हा शब्द टाळायला सांगतात, 'मध्यम वाढलेलं अल्ब्युमिन' म्हणा म्हणतात. अगदी योग्य. कुणाच्या घरात हा कागद असेल तर प्लीज बाजूला ठेवू नका.

लालपेशी

थेंबथेंब, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. बोचणी लावून घेऊ नका, आमच्या काउंटरवर हाच समज घेऊन रोज कुणीतरी येतं.

'मायक्रो'चे खरंच दोन अर्थ आहेत. एककापुढे लागला की काटेकोर, दहा लाखावा भाग, त्यात इकडेतिकडे नाही. शब्दापुढे लागला की नुसतं 'लहान', आणि कशापेक्षा लहान ते दर वेळी वेगळं. मायक्रोसायटिक म्हणजे नेहमीपेक्षा लहान पेशी. मायक्रोप्लास्टिक तर ५ मिलीमीटरपर्यंतच्या तुकड्याला म्हणतात, तो आपल्याला सरळ दिसतो. मायक्रोवेव्हची लांबी मिलीमीटर ते मीटरभर, रेडिओलहरींपेक्षा लहान म्हणून मायक्रो.

गणिती_मन

हा फरक सगळ्यांना पाठ हवा. एककांच्या नावांबद्दल थोडं घालतो. मायक्रो ग्रीक, लहान. नॅनो ग्रीक, बुटका. १९६० मध्ये मायक्रो, नॅनो, पिको अधिकृत झाले, १९६४ मध्ये फेम्टो आणि ॲटो. हे दोन शब्द ग्रीक किंवा लॅटिन नाहीत, डॅनिश आणि नॉर्वेजियन आहेत, फेम्टेन म्हणजे पंधरा आणि ॲटेन म्हणजे अठरा. आभाळवेडी ताईंनी मोजलेली पंधरा शून्यं त्या नावातच आहेत! पुढे १९९१ मध्ये झेप्टो आणि योक्टो, आणि २०२२ मध्ये रोंटो आणि क्वेक्टो. क्वेक्टोमध्ये एकाखाली तीस शून्यं. 'मायक्रॉन' हा शब्द मात्र १९६७ मध्येच अधिकृत यादीतून काढला, तरी सगळेजण अजून तोच म्हणतात, मीसुद्धा.

निळी_शाई

मायक्रोग्रॅमबद्दल कुणीतरी लिहा असं वाटत होतं, मीच लिहिते. थायरॉईडची गोळी मायक्रोग्रॅममध्ये असते. आईच्या एका जुन्या कागदावर डोस ०.०५ मिलीग्रॅम असा होता आणि बाटलीवर ५० एमसीजी. आईला वाटलं चुकीचं औषध दिलं, तिने चार दिवस घेतलंच नाही आणि मला सांगितलंही नाही. दोन्ही एकच आहे! एक मिलीग्रॅम म्हणजे हजार मायक्रोग्रॅम, ०.०५ गुणिले हजार, पन्नास.

मग कळलं की हाताने लिहिलेलं ग्रीक म्यू हे चिन्ह घाईत इंग्रजी एमसारखं वाचलं जाऊ शकतं आणि डोस थेट हजारपट होतो, म्हणून म्यू न लिहिता एमसीजी किंवा पूर्ण 'मायक्रोग्रॅम' लिहा असं सांगतात. तसंच अर्धा लिहिताना टिंबाआधी शून्य हवंच, ०.५, नुसतं टिंब पाच नको, टिंब दिसलं नाही तर पाच होतात. आणि पाच लिहिताना ५.० नको, त्याचे पन्नास होतात. मी आईच्या सगळ्या गोळ्यांची यादी आता मोठ्या अक्षरात मायक्रोग्रॅम असं पूर्ण लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलीय.

वहीतलं_पान

केशिकेबद्दल कुणी लिहिलं नाही अजून? केसासारखी म्हणून केशिका ना?

भाषावेल

हो, आणि लॅटिनमध्येही कॅपिलस म्हणजे केस, त्यावरून कॅपिलरी. दोन्हीकडे केसच.

लालपेशी

पण केस फारच जाड हो तिच्यापुढे. केस साधारण ७० मायक्रोमीटर आणि केशिका ५ ते १०. जवळपास दहापट बारीक. तांबडी पेशी ७-८ ची, म्हणजे काही ठिकाणी वाट पेशीहूनही अरुंद. मग पेशी स्वतःला दुमडते, वाकते आणि एकामागे एक अशा रांगेने जातात. त्या दाटीतच ऑक्सिजन सोडतात. पेशीत केंद्रक नसतं त्याचा फायदा असा, वाकताना आत अडायला काही टणक नाही. नाव देणाऱ्याला त्याच्या काळात दिसणारी सगळ्यात बारीक गोष्ट केसच असेल, म्हणून तेच नाव दिलं असावं.

जुनी_शाळा

याच्या उलटंही होतं. जिवाणू म्हणजे न दिसणारा असं आम्ही शिकवलं, आणि २०२२ मध्ये ग्वाडेलूपच्या खारफुटीत सापडलेल्या एका जिवाणूचं वर्णन आलं, साधारण एक सेंटीमीटर लांब, पांढऱ्या दोऱ्यासारखा, नुसत्या डोळ्यांनी दिसणारा. थायोमार्गारिटा मॅग्निफिका. माझ्या लाखपट मैदानात तो ठेवायचा तर एक किलोमीटर लांब होईल, विषाणूच्या गोटीशेजारी. शाळेत असतो तर दुसऱ्याच दिवशी मुलांना मैदानाबाहेर रस्त्यावर चालत नेलं असतं.

आभाळवेडी

धागा वर काढतेय, साडेतीन महिन्यांनी.

फेरिटिन खूप कमी आलं होतं, थॅलॅसेमियाची तपासणी नॉर्मल. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि रक्त कुठून जातंय तेही शोधलं, पाळीचा त्रास होता, त्यावरही उपचार चालू आहेत. आज नवा रिपोर्ट आला. हिमोग्लोबिन १२.३.

या वेळी मशीनचा एमसीव्ही बघायच्या आधी बहिणीने तो हाताने झाकला आणि म्हणाली तू काढ. पीसीव्ही, म्हणजे रक्तात तांबड्या पेशींनी व्यापलेला भाग, ३७.८ टक्के; तांबड्या पेशी ४.५ दशलक्ष, दर मायक्रोलिटरमागे. पीसीव्हीला दहाने गुणायचं आणि पेशींच्या आकड्याने भागायचं, म्हणजे ३७८ भागिले ४.५. तिथेच रिपोर्टच्या पाठीवर भागाकार केला, ८४ आले. तिने हात काढला. ८४.० एफएल.

लालपेशी ताई, खोके भरले.